हात धुऊन ये

यंत्र विभागात त्यांना तोंडावर सगळे ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘समावेशबाई’. हे नाव कुणी पाडलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. अशी नावं पाडणारा माणूस कधी सापडतच नाही. विभागात बाई अशा त्या एकट्याच. केसांचा काळा रंग तिथेच गेला, पण बाईंसाठी त्या इमारतीत स्वच्छतागृह काही झालं नाही. त्यासाठी शेजारच्या इमारतीत, ग्रंथालयाच्या मागे जावं लागे. नव्या होत्या तेव्हा त्यांनी मागणी केली, तर तेव्हाचे प्रमुख म्हणाले, “एका माणसासाठी?” बाई म्हणाल्या, “मला माणूस म्हणालात, आभारी आहे.” हे उत्तर विभागात अजून सांगतात. उत्तर गाजलं, स्वच्छतागृह झालं नाही.

पुढे विद्यापीठातून फर्मान निघालं, की प्रत्येक विभागाने सगळ्या थरांतल्या मुलामुलींना सामावून घ्यावं आणि त्यासाठी समिती नेमावी. आताच्या प्रमुखांनी मान वर करून पाहिलं, समोर बाई दिसल्या. “मॅडम, हा तुमचाच विषय,” ते म्हणाले आणि मोकळे झाले. जणू बाकीचे सगळे त्या विषयाच्या बाहेर जन्मले होते! दुसरं कुणी असतं तर पाट्या टाकल्या असत्या. बाई मात्र त्या कामाच्या मागे हात धुऊन लागल्या.

त्याला कारण होतं. त्या स्वतः शिकत होत्या तेव्हाही वर्गात मुलगी अशी त्या एकट्याच. वर्कशॉपच्या तासाला तिथले मास्तर मोठ्या मायेने एक उंच स्टूल पुढे सरकवत. “तू बस बाळ, पोरं करतील.” पोरंही बिचारी चांगली. कुणी कानस मारी, कुणी लोखंड तासायचं लेथ चालवी, आणि तास संपताना बाईंच्या वाट्याचा लोखंडाचा तुकडा, ज्याला वर्कशॉपात जॉब म्हणतात, चकचकीत होऊन टेबलावर हजर. कुणी कधी वाईट वागलं नाही, तेच वाईट झालं. बाई पहिल्या आल्या, प्राध्यापक झाल्या, कुठला दांडा किती भार सोसेल हे कागदावर चुटकीसरशी सांगू लागल्या. पण लेथ चालू कसं करायचं, हे त्यांना आजतागायत येत नव्हतं. ही गोष्ट त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितली होती आणि त्या भल्या माणसाने ती पोटात ठेवली होती.

ती मुलगी त्यांना भेटली ती स्कूटर पंक्चर झाली म्हणून. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात बाप पंक्चर काढत होता आणि शेजारी लेक एक डोळा मिटून चाकाचा आऊट काढत बसली होती. चाक डुगडुगत फिरत असेल तर एकेक तार ताणून, सैल करून ते सरळ करायचं, हे कटकटीचं काम. पोरीचे हात मनगटापर्यंत काळे आणि तोंडावर देवाघरची शांतता. बाईंनी चौकशी केली. बारावी झालेली, गणितात शाळेत पहिली.

“मग पुढे काय?”

“पुढे हे दुकान,” बाप म्हणाला.

बाईंनी त्याला इंजिनिअरिंगचं सांगितलं. विद्यापीठाने विभागाला एक ‘समावेश जागा’ दिली होती. फी माफ, वसतिगृह, जेवण, पुस्तकं, सगळं आलं त्यात. अट एकच: एकाही विषयात नापास व्हायचं नाही. नापास झालं की जागा गेली.

बापाने हातातलं काम थांबवलं. “बाई, नापासाची भीती नाही मला. भीती वेगळीच आहे. तुमच्यात राहून तिच्या हातातलं काम सुटायचं, आणि तुमच्यासारखं खुर्चीतलं काम काही आमच्या पोरीला कुणी द्यायचं नाही. मग धड ना इकडची ना तिकडची.”

“तिच्या हातातलं काम मी सुटू देणार नाही,” बाई म्हणाल्या. “माझा शब्द.”

शब्द द्यायला काही लागत नाही, पण बाईंनी तो मनापासून दिला होता. त्या क्षणी त्यांना ते उंच स्टूल आठवलं होतं.

मुलगी आली. दप्तरात कायम घरचा एक पाना असायचा, म्हणून पोरांनी तिचं नाव पाना ठेवलं, आणि तीही त्या नावाला ओ देऊ लागली. पहिल्या पंधरवड्यातच वर्कशॉपचे मामा खूश. मामा म्हणजे तिथले निदेशक. ते कुणाचेच मामा नव्हते आणि सगळ्यांचे होते. “मॅडम, पोरीच्या हाताला डोळे आहेत,” ते बाईंना म्हणाले. बाई त्या दिवशी घरी गुणगुणत गेल्या.

मग पाहुणे येऊ लागले. समावेशाचं काम कसं चाललंय हे पाहायला कधी विद्यापीठाची मंडळी, कधी देणगीदार, कधी वर्तमानपत्रवाले. सगळ्यांना एकच दाखवायचं होतं आणि विभागाकडे दाखवायला एकच होतं. शिपाई वर्कशॉपच्या दारातून हाक मारी, “पाना, फोटो!” मामा म्हणत, “जा गं, हात धुऊन जा.” पहिल्या वेळी फोटोवाल्यानेच सांगितलं होतं, काळे हात फोटोत बरे दिसत नाहीत. म्हणून पाना मशीन बंद करी, कोपऱ्यातल्या नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धुई, आणि स्वच्छ हातांनी दुसऱ्याच एखाद्या बंद मशीनशेजारी हसत उभी राही. हातात धरायला भांडारातला कोरा करकरीत पाना देत. स्वतःचा तिच्या दप्तरात, तेलकट.

ती परत येई तोवर तास संपत आलेला. मामा हळवे. “तुझा जॉब मी करून ठेवलाय, काळजी करू नकोस. तू विभागाचं नाव काढतेयस.” कधी मामा करत, कधी शेजारच्या मशीनवरची पोरं. पहिल्या वर्षी मार्क मामांनीच द्यायचे होते, त्यांनी पैकीच्या पैकी दिले.

एकदा पानाने बाईंना सांगून पाहिलं. “बाई, दर वेळी माझा जॉब अर्धाच राहतो.” विभागात बाईंना ‘बाई’ म्हणणारी ती एकटीच, बापाचं ऐकून तिला तीच सवय लागली होती.

“अगं पाचच मिनिटं तर लागतात! तुला बघून उद्या दहाजणी येतील,” बाई म्हणाल्या.

आणि यात खोटं काही नव्हतं. विद्यापीठाच्या फाटकावर पानाचा भलामोठा फलक लागला आणि पुढच्या वर्षी खरोखरच चार मुली यंत्र विभागात आल्या. चार! बाईंनी त्या आनंदात घरी नवऱ्याला मिठी मारली, तर तो म्हणाला, “अगं भाजी करपेल.” पाना मात्र परत काही बोलली नाही. मेहेरबानीने जागा मिळालेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येत नाही. हे दुसऱ्या कुणाला नाही तरी बाईंना कळायला हवं होतं. पण माणूस चांगलं काम करायला लागला की त्याला दिसायचं कमी होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी वर्कशॉपच्या परीक्षेला बाहेरचा परीक्षक आला. बाई वर्गात शिकवत होत्या. शिपाई दारात येऊन उभा राहिला. 

“मॅडम, पाना नापास.”

बाई खडू हातात घेऊनच धावल्या. वर्कशॉपात सगळी मशीनं चालू होती आणि एका मशीनपुढे, उंच स्टुलावर, पाना बसली होती. कुणीतरी मायेने दिलं असणार ते स्टूल. मामा भिंतीशी उभे, डोळे लाल.

घडलं ते असं. परीक्षकांनी सगळ्यांना सळईचा तुकडा दिला आणि सांगितलं, आटे पाडा. बोल्टवर असतात तसे आटे. पाना मशीनपुढे नुसती उभी राहिली. परीक्षकांनी तिचे वर्षभराचे जॉब पाहिले, एकाहून एक सरस. “हे कुणी केले?” त्यांनी विचारलं. पाना खरं बोलली. “मामांनी.”

“अगं, पण का सांगितलंस?” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

पानाने वर पाहिलं. “बाई, विचारलं त्यांनी.”

बाई तिथून प्रमुखांकडे गेल्या. जिना त्यांना दोनदा थांबून चढावा लागला. सगळी चूक माझी आहे, मीच तिला दर वेळी बोलावून घेतलं, तिची जागा जाता कामा नये, असं त्यांनी एका दमात सांगितलं. प्रमुखांनी शांतपणे ऐकलं. त्यांचा एक गुण मान्य केला पाहिजे, ते कधी आवाज चढवत नसत.

“मॅडम, तुम्हीच सांगत असता ना, सगळ्यांना सारखी वागणूक? मग नियमही सगळ्यांना सारखा.”

“सर, सारखी वागणूक तिला मिळालीच नाही! बाकीची पोरं मशीनवर होती तेव्हा ती आपल्याबरोबर फोटोत होती.”

“जागा कुठे जात नाही हो. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी येईल.” मग त्यांना काहीतरी आठवलं. “उद्या दुपारी देणगीदार मंडळी येतायत. तोवर ही मुलगी आहे ना इथे?”

बाई उठल्या. दार त्यांनी जरा जोरात लावलं, एवढाच काय तो निषेध.

परीक्षक वर्कशॉपातच चहा पीत बसले होते. जन्म कारखान्यात गेलेला माणूस, बोलणं मोजकं. बाईंनी त्यांच्यापुढे सगळं पुन्हा सांगितलं. “तिची चूक नाही,” त्या म्हणाल्या.

“चूक कुणाची याचे मार्क मी देतच नाही, बाई. कामाचे देतो. हिचा बोल्ट उद्या कुणाच्या गाडीला बसला तर त्या गाडीवाल्याला काय सांगू, चूक तिची नव्हती?”

“एक संधी द्या. एकच. मी तुमच्या पाया पडते.” आणि बाई खरंच वाकल्या. हाताखालच्या लोकांसमोर, पोरांसमोर. परीक्षक गडबडून उठले, कप कलंडला.

“अहो, काय हे! उद्या दुपारी शेवटची तुकडी आहे. तिच्यात उभी करा हिला. जॉब झाला तर पास. मी कुणाचा वैरी नाही.”

बुडत्याला काडीचा आधार. मामांनी तेव्हाच पानाला मशीनवर उभं केलं. आटे पाडणं तसं अवघड नाही, पण त्याला सराव लागतो. हत्यार सळईवरून एकदा फिरवून भागत नाही, परत परत फिरवावं लागतं, आणि प्रत्येक फेरीत ते पहिल्याच खाचेतून गेलं पाहिजे. त्यासाठी मशीनवर एक डायल फिरत असतो. ठरलेली रेघ समोर आली की त्याच क्षणी लिव्हर दाबायचा. रेघ चुकली की जुन्या आट्यांवर नवे आटे पडतात आणि सळई भंगारात जाते. मामा सांगत होते आणि मधूनच शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते. “तेव्हाच तुझ्या हाताने करू दिलं असतं तर... मेलं माझं प्रेम!”

सळया वाया जात होत्या. बाई बाजूला उभ्या. त्यांना वाटत होतं पुढे व्हावं, तिच्या हातावर हात ठेवावा, दाखवावं. पण दाखवणार काय? कपाळ? एवढ्या पदव्या घेऊन त्या तिला फक्त पाणी आणून देऊ शकत होत्या. ते त्यांनी आणून दिलं.

वर्कशॉप बंद व्हायच्या वेळेला पानाचा एक जॉब जमला. अगदी देखणा नव्हे, पण नट त्यावर बसून फिरला. पाना हसली. तिच्या तळहातांवर फोड आले होते आणि ते ती कौतुकाने बघत होती. बाई घरी गेल्या, जेवल्या नाहीत. नवरा म्हणाला, “तिची परीक्षा आहे, उपास तू कशाला करतेस?” मग तोही ताट झाकून त्यांच्याशेजारी बसून राहिला.

सकाळी दुसरा जॉब जमला, पहिल्यापेक्षा चांगला. दुपारी परीक्षा सुरू झाली. बाई वर्कशॉपच्या दारात पहारेकऱ्यासारख्या उभ्या राहिल्या, एक डोळा आत आणि एक बाहेर. पानाने सळई बांधली, हत्यार लावलं, पहिली फेरी घेतली. रेघ, लिव्हर. दुसरी फेरी. रेघ, लिव्हर. परीक्षक मागून पाहत होते आणि त्यांची मान किंचित हलली. बाईंनी ती मान पाहिली. आयुष्यात त्यांनी इतकं लक्ष देऊन कुणाची मान पाहिली नव्हती.

तेवढ्यात शिपाई आला. “मॅडम, मंडळी आलीयत. प्रमुखांनी पानाला बोलावलंय.”

“नाही येणार ती.”

“पण प्रमुख...”

“सांग त्यांना, मी नाही म्हटलं म्हणून!” बाईंनी दार अडवलं. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडून त्या इमारतीत पहिल्यांदाच बाहेर पडत होता.

शिपाई बिचारा हुकमाचा ताबेदार. दोन वर्षांची सवय. त्याने बाईंच्या खांद्यावरून मान उंचावली आणि नेहमीसारखी हाक दिली, “पाना, फोटो!”

आतलं एक मशीन बंद झालं.

बाईंनी वळून पाहिलं. पाना लिव्हर सोडून कोपऱ्यातल्या नळाकडे चालली होती. कुणी सांगितलं नव्हतं. तिने विचारही केला नव्हता. नळ सोडला, साबण घेतला, कोपरापर्यंत फेस केला.

“अगं, कुठे चाललीस!” बाई किंचाळल्या. “पाना! मशीनवर जा!”

पाना फेसाळलेले हात तसेच वर धरून उभी राहिली. आपण कुठे आहोत हे तिला कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा असा उतरला की बाईंना तिकडे बघवेना. ती पळत मशीनपाशी आली, ओल्या हातांनीच बटण दाबलं, आणि घाईत रेघेकडे न बघता लिव्हर दाबला.

आवाजावरूनच मामांना कळलं. त्यांनी डोळे मिटले. हत्यार आट्यांच्या मधोमध नवे आटे पाडत गेलं. परीक्षकांनी पुढे होऊन मशीन बंद केलं आणि सळई बोटांनी चाचपली.

“मला फार वाईट वाटतं,” ते म्हणाले. खरोखरच वाटत होतं त्यांना.

“आणखी एक सळई द्या,” बाई म्हणाल्या. “आमची चूक, आम्ही हाक मारली! तिची नाही हो! मला नापास करा. माझी नोकरी घ्या.”

“तुमची नोकरी घेऊन हिला आटे येणार आहेत का, बाई?” परीक्षक हळू आवाजात म्हणाले. “जमत होतं तिला. पण माझ्यासमोर झालं नाही. हिला तिसरी सळई दिली तर बाकीच्यांनी काय घोडं मारलं?”

बाई त्यानंतरही दारोदार फिरल्या. विद्यापीठाच्या मोठ्या कचेरीत गेल्या, तिथे सगळ्यांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांच्या कार्याचं कौतुक केलं. नियमापुढे कुणाचं चालत नाही, म्हणाले. एका साहेबांनी तर फाटकावरचा फलक फार छान झाल्याचं आवर्जून सांगितलं. बाई पायऱ्या उतरून खाली आल्या आणि भिंतीला टेकून रडल्या, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

बाप मुलीला न्यायला आला तो सायकल घेऊन. फाटकापाशी फलकाखाली उभा होता. वर त्याची लेक हसत होती, हातात कोरा पाना. खाली त्याची लेक वळकटी घेऊन आली. मामा आले नाहीत. त्यांच्याच्याने येववलं नाही. बाई आल्या. काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं, पण त्यातलं एक अक्षर आठवेना.

“चुकलं माझं,” एवढंच त्या म्हणाल्या.

बाप सायकलकडे वळला. त्याने वळकटी कॅरियरला बांधली, गाठ ओढून पाहिली. पाना बाईंजवळ आली. “बाई, त्या चौघी आहेत ना, त्यांना तासातून बोलावू नका.”

बाईंनी मान डोलावली.

मग बापाने लेकीचा हात हातात घेतला आणि बाजारात कापड पाहावं तसा अंगठ्याने तळवा चाचपला. परीक्षेचे फोड आता सुकत आले होते. बाकी सगळा तळवा गुळगुळीत.

“बाई, तुमचा हात जरा बघू,” तो म्हणाला.

बाईंनी हात पुढे केला. त्याने दोन्ही तळवे शेजारी शेजारी धरले. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“बघा,” तो म्हणाला, “अगदी तुमच्यासारखा झालाय.”

बापलेक सायकल हातात धरून निघाले, आणि बाईंचा हात कितीतरी वेळ तसाच पुढे राहिला.